कॅनन १५००डी, दसरा ते उन्हाळा: सोलापूरच्या धुळीत पहिला डीएसएलआर

मेगापिक्सेल किती, फोकस पॉइंट किती, किटमध्ये काय येतं हे तुम्ही आधीच वाचून बसलेले असणार, त्यामुळे ते परत लिहीत नाही. दसऱ्याच्या आधी घेतला, आता उन्हाळा संपत आलाय, भरपूर वापरलाय. पण मला मुख्यतः एकाच गोष्टीवर लिहायचंय, ती म्हणजे सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत फोटो टिपणाऱ्या चकतीवर, बसणारी धूळ. पहिला डीएसएलआर घेताना दुकानदारापासून व्हिडिओवाल्यांपर्यंत एकानंही मला हे सांगितलं नव्हतं. आपल्या सोलापुरात तर हे सगळ्यात आधी सांगायला पाहिजे.

आधी हाच का घेतला ते सांगतो. यादीत चार होते. कॅननचाच ३०००डी सगळ्यात स्वस्त, पण त्याला लेन्स बसवायची रिंगच प्लास्टिकची, स्क्रीन लहान, ऑन-ऑफचं वेगळं बटणसुद्धा नाही, म्हणून हातात घेतला आणि ठेवून दिला. निकॉन डी३५०० मला मनापासून आवडलेला, हलका, आणि बॅटरी तर कंपनीच्या आकड्यानुसार एका चार्जमध्ये १५५० फोटो, १५००डीचे ५००. पण तो आता नवा बनत नाही, वापरलेलाच शोधावा लागतो. कॅननचा २००डी मार्क टू चांगलाच आहे, स्क्रीन फिरते, टच आहे, स्क्रीनवर बघून फोकस झटकन होतो, पण बजेटच्या बाहेर. मग निर्णय केला तो मामांच्या कपाटानं. मामांचा फोटो स्टुडिओ होता, रोलच्या जमान्यातला, तो बंद झाला तरी दोन लेन्स त्यांनी जपून ठेवलेल्या, ५० एमएम १.८ आणि ७५-३००. कॅननचा ईएफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची रिंग, १९८७ पासून तोच आहे आणि रोलच्या कॅमेऱ्यावरच्या ईएफ लेन्स आजच्या डीएसएलआरवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या स्वस्त बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणजे त्यांच्या जुन्या एएफ-डी लेन्स बसतात पण फोकस हातानं फिरवावा लागतो. दोन लेन्स फुकट मिळत असताना दुसरीकडं कशाला बघायचं? घेतला १५००डी.

पहिले दोन-तीन महिने मस्त गेले. मामांची ५० एमएम लावून घरात, देवघरातल्या दिव्याच्या उजेडात आजीचा फोटो काढला, मागचं सगळं धूसर आणि चेहरा एकदम स्वच्छ, तो बघून घरात सगळे गप्प झाले. १.८ म्हणजे किट लेन्सपेक्षा (कॅमेऱ्यासोबत येणारी ती) किती जास्त उजेड आत येतो हे आकड्यात वाचून कळत नाही, फोटो बघितल्यावर कळतं. एवढा जुना प्लास्टिकचा डबा, फोकस होताना घर्रघर्र आवाज करतो, पण फोटो असला की काय सांगू. नवी घ्यायची असेल तर आता एसटीएम वाली, म्हणजे नव्या मोटरची मिळते, आवाज कमी. पहिली जास्तीची लेन्स हीच घ्या, यात माझं मत अजिबात बदललेलं नाही.

मग आला जानेवारी, गड्ड्याची यात्रा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांची. हिरेहब्बू वाड्यापासून सातही नंदीध्वज निघाले, सगळे पांढऱ्या बाराबंदीत, आणि मी ह्याच दिवसासाठी कॅमेरा घेतलेला. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा एका ओळखीच्यांच्या गच्चीवरून काढला. पुढच्या माणसापासून मागच्या गर्दीपर्यंत सगळं शार्प यावं म्हणून एफ ११ ठेवला, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, अपर्चर, बारीक केलं (आकडा मोठा तेवढं भोक लहान). घरी कॉम्प्युटरवर लावले तर प्रत्येक फोटोत आकाशात त्याच जागी करडे ठिपके. वर डावीकडे एक मोठा, मध्ये दोन बारके, आणि एक तर दोऱ्यासारखा वाकडा. पांढऱ्या बाराबंदीवर पण तेच. किंक्रांतीच्या शोभेच्या दारूकामाचे फोटो बघितले, ते पण एफ ११ लाच होते, त्यात एक डाग नाही. दोन दिवस मला कळेना हे काय चाललंय.

नंतर वाचून आणि करून बघून समजलं ते असं. धूळ सेन्सरवर नाही, सेन्सरच्या पुढं जी फिल्टरची काच असते तिच्यावर बसते. अपर्चर मोठं असलं, म्हणजे १.८, ४, ५.६, की उजेड सगळीकडून तिरका येतो आणि कणाची सावली विरून जाते. एफ ११, १६, २२ ला उजेडाची वाट अरुंद होते आणि सावली ठळक पडते. म्हणजे धूळ पहिल्या महिन्यापासूनच बसत आलेली असणार, ५० एमएमवर १.८ लाच काढत होतो म्हणून दिसली नाही. आणि रात्रीच्या काळ्या आकाशावर काळी सावली कुठून दिसणार, म्हणून दारूकाम स्वच्छ.

आता माझी खरी चिडचिड सांगतो. ८००डी सारख्या वरच्या मॉडेलमध्ये कॅमेरा चालू-बंद करताना पुढची काच थरथरते आणि धूळ झटकली जाते. १५००डी मध्ये ही सोय नाही. डी३५०० मध्ये पण नाही. म्हणजे जो माणूस पहिल्यांदा कॅमेरा घेतोय, ज्याला धूळ म्हणजे काय हेच माहीत नाही, नेमकं त्यालाच ही सोय नाही. किंमत कमी करायला काहीतरी काढावं लागतं हे मान्य, पण मग सोबत साधा रबरी ब्लोअर, हातानं दाबून हवा मारायचा, तरी विकताना हातात द्या, त्याला किती पैसे लागतात?

आणि आमच्याकडची धूळ काय साधी आहे का. काळ्या मातीचा फुफाटा एक, आणि दुसरं म्हणजे सूत. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत पाहुण्यांचे यंत्रमाग आहेत, टॉवेलचे. तिथले फोटो काढायला लई जीव लागलेला, खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा आणि त्यात उडणारं कापसाचं तूस, फोटो सुंदर येतात. पण तेच तूस सगळीकडं चिकटतं. किट लेन्स झूम करताना लांब-आखूड होते तेव्हा हवा आत ओढते, त्यामुळं लेन्स काढली नाही म्हणजे धूळ गेलीच नाही असं नसतं. तो दोऱ्यासारखा डाग मागावरचाच, मला खात्री आहे.

तर बिल घेऊन दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. बिलावर त्यांच्याच पोरानं पेननं लिहून दिलेलं, ‘वर्षभर क्लिनिंग फ्री’. काउंटरवरच्या माणसानं कॅमेरा डोळ्याला लावला, ट्यूबलाइटकडं बघितलं आणि म्हणाला, “मालक, एक कण नाही बघा आत, उगं टेन्शन घ्यायलाव तुम्ही.” अहो व्ह्यूफाइंडरमधून सेन्सर दिसतच नाही! तिथून आरसा आणि फोकसिंग स्क्रीन दिसते. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा कण फोटोत येत नाही आणि फोटोतला डाग व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही, हे कॅमेरे विकणाऱ्याला माहीत नसावं? मोबाइलवर फोटो दाखवले तर म्हणाला लेन्स खराब आहे, जुनी लेन्स लावता म्हणून. तिन्ही लेन्सवर डाग एकाच जागी येतात तर लेन्सचा संबंध काय, हे समजावून सांगेपर्यंत त्यानं लेन्स काढून आरशावर चष्म्याचं फडकं फिरवायला घेतलं, तेव्हा मी कॅमेरा हातातून काढूनच घेतला. ह्या आरशाचा मुलामा काचेच्या वरच्या बाजूला असतो, फडक्यानं चरे पडतात. मग मालक आले. लिहून देणारा पोरगा आता कामाला नाही, सेन्सर म्हणजे पुण्याला पाठवावा लागंल, पंधराशे रुपये आणि आठ-दहा दिवस. बिलावर त्यांच्या दुकानाचा शिक्का आहे, पोराचा नाही, हे मी तीनदा सांगितलं. उपयोग शून्य.

त्या रागात मी मित्राला सांगून टाकलेलं की हा कॅमेरा घेऊ नको, सरळ मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, घे. आता ते मत बदललंय आणि का ते लिहितो. त्याच मित्रानं एक स्वस्तातला मिररलेस आणला, त्याची लेन्स काढली तर आत सेन्सर समोरच उघडा. झाकायला काहीच नाही. डीएसएलआरमध्ये लेन्स काढली तरी पुढं आरसा, त्याच्या मागं शटरचा पडदा, मग सेन्सर. धूळ आत येते पण लगेच सेन्सरवर बसत नाही. नान्नजच्या अभयारण्यातल्या माळावर वाऱ्यात उभं राहून लेन्स बदलायची वेळ आली तर मला आरसा असलेलाच कॅमेरा हातात पाहिजे.

दुसरं म्हणजे साफ करणं जमतं. मी केलं. आधी टेस्ट: आयएसओ १००, एफ २२, किट लेन्स ५५ एमएमला, फोकस मॅन्युअलवर करून मुद्दाम बिघडवायचा आणि मोकळ्या आकाशाचा नाहीतर पांढऱ्या भिंतीचा फोटो, शटर थोडं स्लो असताना कॅमेरा हलवायचा म्हणजे भिंतीवरचे डाग पुसट होतात, सेन्सरवरचे तसेच राहतात. मग बॅटरी फुल करून मेनूत मॅन्युअल सेन्सर क्लिनिंग निवडलं की आरसा वर जातो, शटर उघडतं. बॅटरी मध्येच संपली तर शटर बंद होऊन स्वॅबवर (सेन्सर पुसायची चपटी काडी) आपटायचं, म्हणून फुलच पाहिजे. पंखा बंद. कॅमेरा उपडा धरून, ब्लोअरचं तोंड आत न घालता, बाहेरूनच जोरात फुंका मारायच्या. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकीचे शिंतोडे उडतात, आणि त्या स्प्रेच्या डब्यातली हवा पण नको. बहुतेक डाग तेवढ्यानंच गेले. दोरा आणि वरचा मोठा ठिपका राहिला, त्याला ओला स्वॅब. १५००डीचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटर आहे, १६ मिलिमीटरचा स्वॅब बरोबर पूर्ण उंची झाकतो, दोन थेंब लिक्विड, एका दिशेनं एकदा, उलटून परत एकदा, आणि तो स्वॅब टाकून द्यायचा. एक लक्षात ठेवा, फोटोत डाग वर डावीकडं असेल तर समोरून सेन्सरकडं बघताना तो खाली डावीकडं असतो. सगळा खर्च पाचशे-सहाशेच्या आत. पंधराशे वाचले आणि कॅमेरा कुणाच्या हातात द्यावा लागला नाही.

ज्यांना स्वॅब लावायची भीती वाटते त्यांच्यासाठी मेनूत डस्ट डिलीट डेटा आहे, पांढऱ्या कागदाचा फोटो घेऊन कॅमेरा डागांची जागा लक्षात ठेवतो आणि कॅननच्याच फुकट सॉफ्टवेअरमध्ये ते आपोआप पुसले जातात. अक्षताचे फोटो मात्र आधीच काढलेले होते, त्यात ही माहिती नाही, ते मी एकेक डाग हातानं काढत बसलो.

बाकीचं पटकन. स्क्रीनवर बघून फोटो काढायचे असतील तर फोकस फारच हळू, पोरं तोपर्यंत पळून जातात, व्हिडिओ करणाऱ्यांनी पैसे साठवून २००डी मार्क टूच घ्यावा. व्ह्यूफाइंडरमधून चांगला वेगवान आहे, पण कमी उजेडात फक्त मधल्या पॉइंटवर भरवसा ठेवा, नऊमधला तोच एक क्रॉस टाइप आहे, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडतो. बॅटरी लग्नाच्या एका दिवसाला पुरली. मोबाइलवर फोटो वायफायनं जातात, कधीकधी जोडायला वेळ खातं.

आणि मामांची ७५-३००. हिच्याबद्दल मला वाईट वाटतं कारण मामांनी जीव लावून दिली. कंबर तलावावर पक्षी काढायला आणि नान्नजला काळविटांसाठी हीच नेतो. पण ३०० ला पूर्ण उघड्या अपर्चरवर ती मऊ पडते म्हणून एफ ८-११ करावं लागतं, हात हलला तर सावरणारा स्टॅबिलायझर पण नाही, आणि एफ ११ केलं की माळावरच्या मोठ्या पांढुरक्या आकाशात राहिलेला एखादा कण लगेच उठून दिसतो, मामींनी तर एका फोटोत ‘ही घार किती वर गेलीय’ म्हणून विचारलं. म्हणजे फुकटची लेन्स घेतल्यानं मला धुळीचा त्रास जास्त दिसला, हे पण खरं आहे. त्यावर ५५-२५० आयएस एसटीएम हा उपाय दिसतोय, ती ५.६ लाच चांगली शार्प आहे, स्टॅबिलायझर आहे, एवढं बारीक अपर्चर करायची गरजच पडत नाही. वापरलेली, चांगल्या अवस्थेतली कुणाकडं असेल तर कळवा. फक्त विकणाऱ्यानं लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढच्या बाजूनं काढलेला फोटो पाठवावा, आत बुरशी नाही हे बघूनच पैसे देईन, आणि सोलापुरातलं असेल तर मी स्वतः येऊन माझ्या बॉडीवर लावून एफ ५.६ ला बघणार.