इन द हार्ट ऑफ द सी : पिक्चर बघू की पुस्तक वाचू?

परवा ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं की वीकेंड मोकळा आहे, तो एसेक्स जहाजाचा पिक्चर बघू का त्याच नावाचं पुस्तक घेऊ. मी दोन्ही केलंय, पिक्चर आधी, पुस्तक नंतर, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो. गोष्ट ढोबळमानाने माहीत असेलच, अमेरिकेतल्या नँटकेट बेटाचं देवमासे मारणारं जहाज, एका देवमाशानेच धडक देऊन बुडवलं, वीस माणसं तीन होड्यांत, आणि शेवटी जगण्यासाठी माणसं माणसांना खातात. हे काही स्पॉयलर नाही, १८२१ पासून जगाला माहीत आहे.

आधी पिक्चरबद्दल चांगलं बोलून घेतो कारण नंतर जमेल की नाही सांगता येत नाही. पहिला तास जबरदस्त आहे. रॉन हॉवर्डने जहाजावरचं आयुष्य असं दाखवलंय की दोरखंड, ओलं लाकूड, चरबीची भट्टी सगळ्याचा वास आल्यासारखा वाटतो. हार्पून लागल्यावर देवमासा होडी फरफटत नेतो तो सीन मोठ्या टीव्हीवरच बघा, मोबाईलवर बघून त्याची माती करू नका. आणि तो चौदा वर्षांचा पोऱ्या, टॉमस निकर्सन, त्याला मेलेल्या देवमाशाच्या डोक्यात उतरवतात तेल उपसायला, तिथे मला खरंच मळमळलं. हा देवमासा म्हणजे स्पर्म व्हेल बरं का, आपल्याकडे पेपरात 'व्हेल माशाची उलटी विकणारे पकडले' अशी बातमी येते ना, तो हाच. तेव्हा लोकांना उलटीपेक्षा त्याच्या डोक्यातलं तेल हवं होतं, दिव्यांना आणि मेणबत्त्यांना.

पुस्तक नॅथॅनिएल फिलब्रिकचं, २००० सालचं, त्याला अमेरिकेतलं नॅशनल बुक अवॉर्डही मिळालंय. सुरुवात संथ आहे हे मान्य. नँटकेटची घराणी, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक, जहाजाचे मालक, मग शिडांची आणि डोलकाठ्यांची इंग्रजी नावं, मी तर दोनदा बाजूला ठेवलं होतं. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर हा भाग अंगावर येऊ शकतो, आणि आडवं पडून बघायला पिक्चरच सोयीचा, यात वादच नाही.

आता माझं बिनसलं कुठे ते सांगतो. पिक्चरमध्ये देवमासा जहाज बुडवून थांबत नाही, तो या लोकांच्या मागे लागतो. अंगावर पांढरट चट्टे, मुद्दाम सूड घ्यायला आल्यासारखा, होड्या कुठेही गेल्या तरी हा परत हजर. आणि मग एक सीन आहे, ओवेन चेस, जहाजाचा पहिला मेट म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी, पिक्चरमध्ये आपला क्रिस हेम्सवर्थ, हातात हार्पून घेऊन उभा, देवमासा अगदी जवळ, दोघांची नजरानजर होते, आणि चेस मारत नाही. संगीत वाजतं, आपण भारावून जायचं. पहिल्यांदा बघताना मीही थोडा भारावलो होतो, खोटं कशाला बोलू.

नंतर पुस्तकात खरं काय झालं ते वाचलं आणि चिडलो. चेसने देवमाशाला मारायची संधी सोडली हे खरंच आहे! पण ती जहाजावर, २० नोव्हेंबर १८२० लाच. पहिली धडक मारून देवमासा जहाजाला लागूनच गुंगल्यासारखा पडला होता. चेसने भाला उगारलाही होता, पण बघतो तर शेपूट अगदी सुकाणूपाशी. डिवचला आणि त्याने शेपूट आपटलं तर सुकाणू जाणार, आणि किनाऱ्यापासून इतक्या लांब सुकाणू नसलेलं जहाज म्हणजे संपलंच. म्हणून हात आवरला. थोड्या वेळाने तोच देवमासा वळून परत आला आणि जहाज फोडून निघून गेला. त्यानंतर तो कधी दिसलाच नाही. म्हणजे कसलेल्या माणसाने केलेला अगदी बरोबर हिशोब, आणि त्याच हिशोबाने घात केला. इतकी भारी गोष्ट हातात असताना तिची नजरानजर करून टाकली राव. माझ्यासाठी फैसला तिथेच झाला, बाकीचं सगळं नंतर सुचलेलं आहे.

तुम्हाला हे फार वाटणार नाही कदाचित. पिक्चर आहे, मीठमसाला असणारच, असं बायको म्हणाली आणि तिचंही चूक नाही. पण देवमासा परत येणार म्हटल्यावर मी पाण्याकडे बघत बसलो आणि माणसांकडे बघायचंच राहिलं. नट बिचारे खरंच उपाशी राहून वाळले होते त्या शूटिंगसाठी, तरी मी वाट बघत होतो शेपटीची.

पुस्तकात देवमासा गेला की गेला, मग उरतो फक्त हिशोब. दिवसाला माणशी साधारण पावणेदोनशे ग्रॅम कडक बिस्किट आणि पाव लिटरपेक्षा कमी पाणी. सोबत गॅलापागोसची जिवंत कासवं. त्यात चेसच्या होडीतली बिस्किटं खाऱ्या पाण्याने भिजली, ती आधी संपवायची म्हणून तीच खायची, आणि मिठाने तहान अजून भडकायची. मी हा भाग लोकलमध्ये वाचला, ठाण्याहून सीएसएमटीला पोचेपर्यंत बाटली दोनदा काढली आणि दुसऱ्यांदा झाकण लावताना उगाच अपराध्यासारखं वाटलं. पिक्चर बघताना याच टप्प्यावर आम्ही पॉपकॉर्न आरामात संपवलं होतं. माझ्याकडे मोजमाप एवढंच.

आणि कुठल्या दिशेला जायचं हा वाद, तो तर पुस्तकाचा कणाच आहे. कॅप्टन पोलार्ड म्हणत होता वारा सोयीचा आहे, पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाच्या बाजूला जाऊ. चेस आणि दुसरा मेट मॅथ्यू जॉय यांना भीती की त्या बाजूच्या बेटांवर नरभक्षक असतील. पोलार्ड नमला आणि हे लोक उलटे फिरून दक्षिण अमेरिकेकडे निघाले, हजारो मैल जास्त. ताहितीला तेव्हा वीस-बावीस वर्षांपासून मिशनरी राहत होते! माणसं खाणाऱ्यांना घाबरून पळाले आणि पुढे होडीत काय झालं ते आपल्याला माहीतच आहे. पिक्चर संपल्यावर मला देवमासा आठवत होता, हा वाद नाही.

चिठ्ठ्यांचंही तसंच, म्हणजे कोणाला मारून बाकीच्यांनी खायचं आणि कोणी मारायचं हे ठरवायला काढलेल्या चिठ्ठ्या. पिक्चरमध्ये चिठ्ठी कॅप्टनवर येते आणि कॉफिन नावाचा पोरगा त्याला मारायचं सोडून स्वतःलाच गोळी घालतो. खऱ्यात चिठ्ठी ओवेन कॉफिनवरच आली, पोलार्डचा सख्खा मावसभाऊ, अठरा-एक वर्षांचा, आणि गोळी घालायची चिठ्ठी त्याच्याच दोस्तावर. पोलार्ड परत नँटकेटला गेला तेव्हा त्या मावशीसमोर उभं राहायचं होतं. आणि एक गोष्ट फिलब्रिक न लपवता मांडतो, ज्यांना खाल्लं त्यातले पहिले चारही कृष्णवर्णीय खलाशी होते, आणि जहाज बुडालं तेव्हा असलेल्या सहापैकी एकही घरी परतला नाही. जहाजावर आधीपासून कोणाला किती आणि काय खायला मिळायचं इथपर्यंत तो मागे जातो. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

पिक्चरमध्ये म्हातारा झालेला निकर्सन 'मोबी डिक' कादंबरीचा लेखक मेल्विल याला सगळं गुपित सांगतो, ही चौकट काहींना आवडते, मला दर वीस मिनिटांनी कोणीतरी पिक्चर पॉज केल्यासारखं वाटलं. बरं, गुपित कसलं, चेसने घरी पोचल्यावर त्याच वर्षी पुस्तक छापलं होतं आणि मेल्विलने ते मोबी डिकच्या आधी वाचलेलं होतं. पण म्हाताऱ्या निकर्सनचं काम ब्रेंडन ग्लीसन छान करतो, ते वेगळं.

तर काय निवडायचं? शनिवारची एकच संध्याकाळ असेल, घरात चारजण असतील, तर पिक्चर लावा, पैसे वसूल आहेत. एकटे असाल आणि आठवडाभर रोज तासभर प्रवास असेल तर मी आपला पुस्तकच म्हणेन. आणि दोन्हीचा मूड असेल तर पिक्चर जहाज बुडेपर्यंत बघा, तिथे थांबा, आणि तिथून पुढे पुस्तक वाचा. त्या ऑफिसातल्या मित्राला मी हेच करायला लावलं. पुस्तक संपवून पंधरा दिवस झाले, उरलेला पिक्चर त्याने अजून लावलेला नाही.