सीलिंगच्या वर काय केलंय, ते कोण बघतंय?

फॉल्स सीलिंग आणि स्लॅब यांच्यामध्ये वीतभर पोकळी राहते. तिच्यात काय केलंय हे एकदा पुट्टी-रंग झाला की घरमालकाला दिसत नाही. आमची फसवणूक त्या वीतभर जागेतच झाली. खालून बघाल तर सगळं गुळगुळीत, कडेनं पट्टीचे दिवे, मधोमध झुंबर. येणारा-जाणारा मान वर करून "नाद खुळा!" म्हणायचा. कोल्हापुरात हल्ली बंगला असो की दोन खोल्यांचा फ्लॅट, हॉलमध्ये झुंबर पाहिजेच असं झालंय, म्हणून हे सविस्तर लिहितेय. दुकानाचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

आमचं घर फुलेवाडीकडे. खाली हॉल, वर थेट गच्ची. मुलीच्या साखरपुड्याआधी हॉलचं काम काढलं. झुंबर शहरातल्याच एका मोठ्या दुकानातून घेतलं, अडतीस हजाराला. बिलावर दोन ओळी होत्या. पहिली : "पितळी झुंबर, क्रिस्टल, वजन ८ किलो." दुसरी : "फिटिंग, स्लॅब अँकर ४ नग, एमएस प्लेट, चेन, लोड टेस्टसह, रु. ६,५००." म्हणजे झुंबर सीलिंगला नाही, स्लॅबमध्ये बोल्टांनी (अँकर) बसवलेल्या लोखंडी (एमएस) प्लेटला टांगायचं. ही दुसरी ओळ आम्हीच आग्रहानं लिहून घेतली होती. तिचा पुढे फार उपयोग झाला.

फिटिंगला दुकानाचाच माणूस आला, बरोबर दोन पोरं. सीलिंगचा सांगाडा तयार होता, मधला बोर्ड बसायचा होता. तो म्हणाला, "वहिनी, स्लॅबला भोकं मारायची म्हंजे लई धुरळा उडतोय. दार वढून घ्या. हत्ती लोंबकळला तरी पडणार न्हाई असं बसवून देतो." दार ओढलं. ड्रिल थोडा वेळ चाललं, थांबलं, मग बोर्डाला स्क्रू मारल्याचा आवाज आला. संध्याकाळपर्यंत बोर्ड बसला, जोडांना पट्टी लागली, पुट्टी फिरली. नवऱ्यानं अँकरचा फोटो मागितला तर लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर आला : स्लॅबला चिकटलेली काळी लोखंडी प्लेट, चार कोपऱ्यांत चार नट. दुसऱ्या दिवशी झुंबर चढलं.

पहिल्याच पावसाळ्यात झुंबराच्या वाटीभोवती, म्हणजे छताला टेकणारं जे गोल झाकण असतं त्याच्याभोवती, केसासारखी चीर दिसायला लागली. फोन केला. पोरगा आला, पुट्टी भरून गेला. "पावसाळ्यात जिप्समला चिरा येतातच," असं वर ऐकवून गेला. पुढच्या उन्हाळ्यात चीर परत आली आणि या वेळी बोटाच्या नखाला लागत होती. वाटी एका बाजूनं बोर्डापासून सुटल्यासारखी वाटत होती. दुकानात सांगितलं, तर "माणूस पाठवतो" हेच उत्तर. माणूस आला नाही.

झुंबर पडलं ते एका शुक्रवारी दुपारी. सासूबाई एरवी त्याच्याच खाली चटई टाकून वाती वळत बसतात. शुक्रवार म्हणून अंबाबाईला गेल्या होत्या. मी स्वयंपाकघरात होते. कुणाला लागलं नाही. जे लागलं असतं त्याचा विचार नको.

पडल्यावर वरचं सगळं उघडं पडलं. झुंबराचा ब्रॅकेट एका प्लायच्या तुकड्याला चार स्क्रूंनी मारलेला होता. तो प्लाय सीलिंगच्या दोन चॅनेलवर आडवा ठेवून बांधकामाच्या तारेनं आवळला होता. सळ्या बांधायला वापरतात तीच काळी बाइंडिंग तार, दोन वेढे. चॅनेल म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा, जिप्समचा बोर्ड पेलण्यासाठी केलेला. त्या पत्र्याच्या कडेनं तार कापत कापत गेली होती. वजनानं चॅनेल वाकला, तो ज्या पट्ट्यांवर स्लॅबला लटकत होता त्यातली एक प्लास्टिकच्या गिट्टीसकट, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकतात त्या तुकड्यासकट, उपसून आली. ती गिट्टी मी जपून ठेवली आहे. तिच्याभोवती पांढऱ्या प्लास्टरची खपली आहे, काँक्रीटचा कणही नाही. म्हणजे भोक प्लास्टरमध्येच होतं. छताचं प्लास्टर असतं जेमतेम सहा ते दहा मिलिमीटर. ते भार घ्यायला नसतंच. बिलात लिहिलेले चार अँकर, प्लेट आणि चेन यांतलं काहीही वर नव्हतं.

मग तो फोटो परत उघडून बघितला. फोटोतल्या स्लॅबवर सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतताना खाली लावतात त्या, फळ्यांचे पट्टे उमटलेले आहेत, म्हणजे तो प्लास्टर न केलेला स्लॅब. आमचा स्लॅब घर बांधलं तेव्हापासून प्लास्टर केलेला आणि पांढरा रंगवलेला. फोटो दुसऱ्याच कुणाच्या घरचा होता.

काचा गोळा करून सांगाडा भंगारवाल्याकडे दिला, तिथे दोन गोष्टी कळल्या. त्याच्या काट्यावर सांगाडा आणि काचा मिळून एकवीस किलो भरले. बिलावरचे आठ किलो हे नुसत्या सांगाड्याचे. काचेचे लोलक वेगळ्या खोक्यातून आले होते आणि त्यांचं वजन कुणी धरलंच नव्हतं. दुसरं, त्यानं खिशातून लोहचुंबक काढून दांड्याला लावलं आणि ते चिकटलं. "ताई, पितळ न्हाई ह्ये. लोखंड हाय, वर नुसतं पाणी मारलंय." पितळाला चुंबक चिकटत नाही हे शाळेतलं ज्ञान, पण दुकानात चुंबक घेऊन कोण जातं? आता मी जाते. भंगारवाल्याकडून वजनाची चिठ्ठी सहीनिशी घेतली. त्याला नवल वाटलं, पण दिली.

दुकानाची कारणं ऐकण्यासारखी होती. आधी म्हणाले, गच्ची गळते, बोर्ड भिजला म्हणून पडलं. बोर्ड ओला झाला की ढिला होतो हे खरं आहे, पण मग एकवीस किलो बोर्डाच्या सांगाड्यावर टांगलेच कशाला? मग म्हणाले, फिटिंगवाला आमचा नाही, आम्ही फक्त नंबर दिला. शेवटी फिटिंगवाला म्हणाला, झुंबरच वजनाला जास्त होतं, मला आठ किलो सांगितलेलं. या एका बाबतीत तो खरं बोलत असावा. पण आठ किलोलासुद्धा ते काम चाललं नसतं.

चार अँकर बोल्ट वाचवून यांनी मिळवलं काय, हे मला बरेच दिवस कळेना. दीडशे-दोनशे रुपयांचा माल. ते कोडं उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरनं, म्हणजे लोखंडी काम करणाऱ्यानं, सोडवलं. डोक्यावर हात धरून काँक्रीटला भोक मारणं ही अंगमेहनत आहे. हॅमर ड्रिलचं वजन, डोळ्यांत धूळ, मध्येच सळी लागली की भोक सोडून दुसरीकडे मारा. चार नीट भोकांना अर्धा दिवस जातो. पोरांना पैसे नगावर मिळतात. अर्ध्या दिवसात ती दुसऱ्या घरी आणखी एक झुंबर टांगतात. चोरी बोल्टांची नव्हतीच, त्या अर्ध्या दिवसाची होती. शिवाय वर झाकण बसतं, त्यामुळे पकडलं जाण्याची भीती नाही.

त्याच माणसाकडून मग नवीन हूक करून घेतला. झुंबराला नाही, झुंबर आता कुणाला नको आहे. जुन्या घरातला माझ्या माहेरचा पितळी दिवा टांगायचा होता, तोही काही हलका नाही. त्यानं कसं केलं ते लिहिते, कारण आपल्या घरी काम चालू असताना नेमकं काय बघायचं ते यातून कळेल. सहा मिलिमीटर जाड, सहा इंच चौरस प्लेट. मधोमध बारा मिलिमीटरच्या सळीचा बंद हूक, वेल्डिंग चारी बाजूंनी फिरवलेलं. प्लेटला चार भोकं आणि दहा मिलिमीटरचे चार एक्स्पान्शन अँकर. हे अँकर नट आवळला की आत फुगतात आणि काँक्रीटला धरतात. ड्रिलच्या बिटवर त्यानं चिकटपट्टी गुंडाळून खूण केली होती, म्हणजे प्लास्टर सोडून काँक्रीटमध्ये किती गेलं ते कळावं. एका ठिकाणी सळी लागली, तर प्लेट सरकवून नवीन भोक मारलं. सळी कापली नाही. प्रत्येक भोकातली धूळ पंपानं फुंकून काढली. धूळ राहिली तर अँकर नीट पकडत नाही, असं तो म्हणाला. नट पान्यानं आवळले.

मग लोड टेस्ट. शेजाऱ्यांच्या गुऱ्हाळातून दहा-दहा किलोचे गुळाचे पाच रवे आणले, पोत्यात घालून हुकाला रात्रभर टांगून ठेवले. खाली गादी. सकाळी प्लेट आणि स्लॅब यांच्यात पोस्टकार्ड सरकतंय का बघितलं, नाही सरकलं. टांगायच्या वजनाच्या निदान दुप्पट-तिप्पट टांगून बघायचं, हा त्याचा हिशोब. गूळ परत केला.

दिव्याची चेन सीलिंगच्या भोकातून खाली येते, बोर्डाला कुठेही टेकत नाही. वायर चेनमधून सैल गुंफलेली आहे, तिच्यावर भार नाही. एक बारीक स्टीलची दोरी वेगळ्या अँकरला बांधली आहे, मुख्य हूक सुटलाच तर धरायला. आणि अर्थिंग. हे सांगायचं राहतच होतं : पडलेल्या झुंबराची हिरवी वायर वाटीच्या आत दुमडून, वर टेप मारून ठेवलेली सापडली. धातूचा एवढा सांगाडा आणि त्याला अर्थिंग नाही. कुणी पुसायला हात लावला असता आणि आत वायरचं आवरण कुठे खरवडलेलं असतं, तर पडायचीही गरज नव्हती. वायरिंगला परवानाधारक इलेक्ट्रिशियन लागतो, झुंबर लावणारी पोरं म्हणजे इलेक्ट्रिशियन नव्हेत.

आणखी काही गोष्टी त्या फॅब्रिकेटरकडूनच कळल्या. स्लॅब ओतताना सळ्यांना अडकवून बसवलेला पंख्याचा हूक असेल तर तो भरवशाचा, पण स्लॅबला ओल असेल तर गंजलाय का ते खरवडून बघायचं. आणि स्लॅबमधून आरपार बोल्ट घालून वरून प्लेट लावणं सगळ्यात मजबूत, पण वर गच्ची असेल तर कोबा, म्हणजे गच्चीवरचा पाणी अडवणारा थर, फुटतो, आणि कोल्हापूरच्या पावसात गळतीला नवीन वाट मिळते. पेठेतल्या जुन्या घरांत स्लॅबच नाही, लाकडी तुळया आहेत. तिथे आधी तुळईला वाळवी लागलीय का ते ठोकून बघायचं.

तुमच्या घरी काम चालू असेल तर बोर्ड बसायच्या आधी शिडी लावून स्वतः वर बघा. वर चढवत नसेल तर घरातल्या तरुण पोराला चढवा. फोटो मागायचाच तर प्लेटशेजारी आजचं वर्तमानपत्र धरून मागा. धुरळ्याचं कारण सांगून दार ओढायला सांगितलं तर तोंडाला रुमाल बांधा आणि आत बसा. वजन लोलकांसकट करून बघा, घरातल्या वजनकाट्यावर झुंबर धरून उभं राहिलं तरी चालतं, मग आपलं वजन वजा करायचं. वाटीभोवती चीर दिसली तर पुट्टी भरू देऊ नका, वाटी खाली उतरवायला लावा.

पैशांचं म्हणाल तर आधी वकिलाकडून नोटीस पाठवली. फिटिंगवाल्यानं साडेसहा हजार आणि सीलिंग दुरुस्तीचा खर्च मुकाट्यानं दिला. दुकानानं "नवीन मॉडेल अर्ध्या किमतीत देतो" असा निरोप पाठवला. आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि वस्तूची किंवा सेवेची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. वकिलांनी सगळ्यात आधी मागितलं ते पक्कं बिल. फिटिंगचे पैसे त्याच बिलावर होते म्हणून "माणूस आमचा नाही" हे दुकानाला म्हणता येईना. बिल न देणं हीसुद्धा कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा "बिलाशिवाय स्वस्तात करतो" म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. बिलाबरोबर व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो, पडल्यानंतरचा व्हिडिओ, प्लायचा तुकडा, गिट्टी आणि भंगारवाल्याची चिठ्ठी जोडली आहे.

दुकानाचं लेखी उत्तर गेल्या तारखेला आलं. त्यात म्हटलंय की ग्राहकानं झुंबर "जाणकार व्यक्तीकडून" बसवून घ्यायला हवं होतं. वकिलांनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि म्हणाले, हे त्यांनी स्वतःच लिहून दिलं ते बरं झालं.