जमीन राखायची की कसायची: सीआरपी आणि इक्विप

आयोवा, कॅन्सस यांसारख्या अमेरिकी राज्यांत ज्यांची शेतजमीन आहे, त्यांना कौंटीतील कृषी खात्याच्या सेवा केंद्रात बहुधा एकाच छताखाली दोन कार्यालये आढळतात. फार्म सर्व्हिस एजन्सीकडे 1985 च्या कायद्याने सुरू झालेला कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम, म्हणजे सीआरपी असतो, तर नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्व्हेशन सर्व्हिस 1996 च्या कायद्यातली एन्व्हायर्नमेंटल क्वालिटी इन्सेंटिव्हज प्रोग्रॅम, म्हणजे इक्विप ही योजना चालवते. पहिलीत जमीन न कसण्याचे पैसे मिळतात आणि दुसरीत कसताना केलेल्या सुधारणांचे. त्यामुळे एकरी दर विचारण्याआधी आपली जमीन कोण कसतो, हे मालकाने पाहावे.

जमीन खंडाने दिलेली असेल आणि मालक दूर राहत असेल, तर सीआरपी सोयीची पडते, कारण 10 ते 15 वर्षे सरकारच जणू खंड भरते. सर्वसाधारण नोंदणीत, म्हणजे ठरावीक मुदतीत स्पर्धेने होणाऱ्या नोंदणीत, हा दर कौंटीतील अंदाजित खंडाच्या 85 टक्क्यांपर्यंत असतो. समजा, धूप झालेला 20 एकरांचा उतार आहे आणि तिथला खंड एकरी 200 डॉलर आहे, तर वर्षाला फार तर 3,400 डॉलर हाती येतील. शिवाय गवत लावण्याच्या खर्चापैकी निम्म्यापर्यंतचा वाटा सरकार उचलते. मात्र 2018 च्या कायद्यानुसार ती जमीन 2012 ते 2017 या सहापैकी चार वर्षे पिकाखाली असावी लागते, आणि नुकतीच विकत घेतली असेल तर सहसा 12 महिने थांबावे लागते. ती योजनेत घालता यावी म्हणून चालू खंडकऱ्याला हुसकावणेही नियमात बसत नाही. ‘पैसे घ्या आणि विसरून जा’ अशीही ही योजना नाही: गवतात उगवणारी झाडोऱ्याची रोपे काढावी लागतात, पण पक्ष्यांच्या विणीच्या मुख्य हंगामात सरसकट कापणी करता येत नाही. मका चढ्या भावाने जाऊ लागला म्हणून करार मध्येच मोडला, तर घेतलेली सगळी रक्कम व्याजासह परत करावी लागते, वर भरपाई वेगळी. माझ्या मते खरी जोखीम इथेच आहे.

स्वतः कसणाऱ्याला, विशेषतः गुरे पाळणाऱ्याला, इक्विप अधिक उपयोगी आहे. चराईचे कुंपण, गुरांसाठी पाण्याची टाकी, आच्छादन पिके (माती झाकून राखण्यासाठी पेरलेली पिके) अशा कामांच्या अंदाजित खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत, आणि नवख्या शेतकऱ्याला 90 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. ही रक्कम तुमच्या बिलावर नव्हे, ठरलेल्या दरपत्रकावर मोजली जाते, म्हणून कंत्राटदार महाग पडला तर फरक खिशातून जातो. पैसे काम तपासल्यावर येतात; नवख्यांना निदान निम्मी उचल मागता येते. करारावर सह्या होण्यापूर्वी कुंपणाचे खांब रोवले, तर आधी सूट मिळाली नसल्यास त्या कामाचे अनुदान जाते, आणि उत्साही माणूस नेमका इथेच फसतो.

एकाच तुकड्यावरील एकाच कामासाठी दोन्हींकडून पैसे घेता येत नाहीत, पण उतार सीआरपीत आणि खालचे कुरण इक्विपमध्ये अशी विभागणी चालते. स्वतः कसणाऱ्या मालकाने आधी तिचाच हिशेब मांडून पाहावा.