महिनाभर एसी लोकल: डोंबिवली ते सीएसएमटी

मे महिन्यात एसी लोकलचा पास काढून पाहिला. एरवी माझा सेकंड क्लास, डोंबिवली ते सीएसएमटी, बावीस वर्षं, मधला लेडीज डबा. यंदा घामोळ्यांनी मान-पाठ सोलून निघाली तेव्हा लेकीनंच हट्ट धरला, "आई, एक महिना तरी काढ."

गाडी चांगली आहे. थंडाव्याचं कौतुक सगळेच करतात, मला भावलं ते दार. सगळी दारं लागल्याशिवाय गाडी हलतच नाही. पहिल्या दिवशी मुंब्र्याच्या वळणावर गाडी कलली आणि सवयीनं माझा हात वरच्या कडीकडे गेला. दाराला पाठ टेकून कॉलेजातली एक मुलगी वही वाचत उभी होती. आमच्या गाडीत त्याच जागी बायका बोटांच्या पेरांवर लटकत असतात. ९ जून २०२५ला इथेच, उलट दिशांनी जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली, जीव गेले. तेव्हापासून मुंब्रा आलं की मी डोळे मिटून घेते. त्या दिवशी मिटले नाहीत, त्या मुलीकडेच बघत राहिले.

साध्या डब्यातला मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पंखा अडला की कुणीतरी पर्समधून कंगवा काढते, सीटवर चढून पात्याला ढकलते, तो दोन गिरक्या घेतो नि पुन्हा अडतो. छताला हवा सोडणाऱ्या जाळ्या आहेत, पण ठाण्याला गाडी भरली की ती हवा डोक्यावरच राहते. खरा वारा दारातूनच येतो. आतली एखादी काकुळतीनं म्हणते, "ताई, जरा बाजूला व्हा, वारा येऊ दे." म्हणजे दार उघडं ठेवावं तर माणूस पडतो, नुसतं लावून घ्यावं तर आत घुसमटतो. मुंब्र्यानंतर रेल्वेनं बिनएसी गाड्यांसाठी झडपांची, म्हणजे बंद असूनही हवा आत येऊ देणारी दारं, छतावरून ताजी हवा आत ढकलणारी यंत्रं आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट अशी रचना जाहीर केली. पण ती नव्या गाड्यांची. आमच्या जुन्या गाड्यांचं काय?

आता जे पटलं नाही ते. भाडं. मे २०२२मध्ये एकेरी तिकीट निम्म्यावर आणलं, पहिल्या ५ किलोमीटरचे ६५ रुपये होते त्याचे ३० झाले. तरी साध्या गाडीत १० किलोमीटरपर्यंत ५ रुपयेच पडतात. आमच्या डब्यात घरकामाला जाणाऱ्या मावश्या आहेत, त्यांनी हा हिशेब कसा जमवायचा? आणि साधी गाडी काढून तिच्या वेळेला एसी घातली की तिची सगळी गर्दी मागच्या साध्या गाडीवर कोसळते. ऑगस्ट २०२२मध्ये कळवा आणि बदलापूरला लोक यासाठीच चिडले होते, आणि १० एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. तेव्हा पुष्कळ जण म्हणाले, मुंबईकरांना एसी नकोच आहे. अजिबात खरं नाही. त्यांना त्यांची गाडी हवी होती.

म्हणून आमच्या डब्यातल्या आम्ही काही जणी सह्या गोळा करतोय. मागणी एकच, आहेत त्या जुन्या गाड्यांना एसी आणि बंद होणारी दारं बसवा, भाडं सेकंड क्लासचंच ठेवा. लोकलच्या डब्याचं आयुष्य साधारण २५ वर्षं धरतात. म्हणजे २०१५ला आलेली गाडी २०४०पर्यंत पळणार. पंचवीस-तिशीतल्या मुली तोवर चाळिशीत जातील. माझा मावसभाऊ या कामातला आहे. तो म्हणतो, सोपं नाही ते. छतावर एसीचं वजन येणार, ते पेलायला सांगाडा तपासावा लागेल, विजेचा पुरवठा वाढवावा लागेल, खिडक्या सीलबंद करायच्या, दारं तर पूर्ण बदलायची. मी म्हटलं, मग मोठ्या दुरुस्तीला गाडी वर्कशॉपात उघडतातच ना, तेव्हा एकेक घ्या. यावर तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "पैसा लागेल, पण विचारायला हरकत नाही."

परवा दिव्याला चढणाऱ्या मावशींसमोर कागद धरला. त्यांनी पेन हातात घेतलं आणि आधी विचारलं, "पासाचे पैसे नाही ना वाढणार?" मी कागदाच्या वरच मोठ्या अक्षरात लिहून दिलं, "पासाचे पैसे वाढवू नयेत." मग त्यांनी सही केली, आणि शेजारणीलाही करायला लावली.

जूनपासून मी परत साध्या गाडीत आहे. सव्वाआठच्या सुमाराची फास्ट, मधला लेडीज डबा. कागद माझ्याच पिशवीत असतो.