रोममध्ये एका जेवणाचे ६३४ युरो: मासा मागवण्याआधी हे वाचा

चार माणसांच्या एका जेवणाचे ६३४ युरो १७ सेंट. कार्डावरून गेले ६१,५७७ रुपये ९१ पैसे आणि वर बँकेने शुल्क व जीएसटी म्हणून ७२६ रुपये ६२ पैसे कापले. एकूण ६२,३०४ रुपये ५३ पैसे. आकडा पैशांसकट लिहिते आहे, कारण परत आल्यापासून जो तो आधी "नक्की किती गेले?" विचारतो आणि आकडा ऐकला की पुढचा प्रश्न ठरलेला: "तुम्हाला कळलं कसं नाही?"

या प्रश्नाचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. आम्ही चौघी काही भोळ्याभाबड्या नाही. एक सीए, एक बँकेतून निवृत्त झालेली, एक शाळेत गणित शिकवायची, आणि मी लग्न झाल्यापासून दादरच्या बाजारात मासे घेते. बुडापेस्ट, व्हिएन्ना, प्राग आणि शेवटी रोम, असा बघण्या-खाण्याचा बेत होता. निघण्याआधी वाचन केलं होतं. रोमच्या ६४ नंबरच्या बसमध्ये, तेर्मिनी स्टेशन ते व्हॅटिकन, पाकीटमार असतात म्हणून पासपोर्ट कमरेच्या पिशवीत होते. मनगटाला जबरदस्तीने दोरा बांधणारे, हातात गुलाब कोंबणारे, कोलोसियमबाहेर ग्लॅडिएटरच्या वेषात फोटो काढायला उभे राहून मग पैसे मागणारे, हे सगळे तुम्हालाही ठाऊक असतील, त्यात शिरत नाही. त्यांच्यातला एकही आमच्याकडून एक सेंट घेऊ शकला नाही. आम्ही पर्स सांभाळत राहिलो आणि आम्हाला लुटलं ते छापील मेन्यूने.

प्रागचं आधी सांगायला हवं, कारण त्याच्यामुळेच आम्ही रोममध्ये निर्धास्त होतो. प्रागला जुन्या गावातल्या चौकाजवळ आमच्या सीए मैत्रिणीने ३०० युरो बदलून घेतले. खिडकीवर मोठ्या अक्षरांत '० टक्के कमिशन'. हातात पडले ५,१६० कोरुना, म्हणजे युरोला १७.२०, आणि बाजारात भाव होता २४.६० च्या आसपास. ७,३८० मिळायला हवे होते. २,२२० कोरुना एका मिनिटात गेले! हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने पावती बघितली आणि म्हणाली, "लगेच परत जा, तीन तास व्हायच्या आत." चेक देशात १ एप्रिल २०१९ पासून कायदाच आहे की १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, काहीही कारण न देता, रद्द करता येतो. पावती मात्र हवी. आम्ही धावत गेलो. खिडकीतल्या बाईने तोंड वाकडं केलं, पण ३०० युरो मोजून परत दिले. प्रागला जाणार असाल तर चलन बदलल्याची पावती तीन तास तरी फेकू नका.

तेव्हापासून आमच्या मनात बसलं की युरोपात कागद दाखवला की पैसे परत मिळतात. रोममध्ये नेमका तोच कागद आमच्यावर उलटला.

संध्याकाळी पियात्सा नवोनात बेर्निनीचं चार नद्यांचं कारंजं बघत उभ्या होतो. नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. १६५१ मधलं काम, आणि त्यात गंगा! हातात लांब वल्हं घेतलेला पुरुष म्हणजे गंगा, हे आम्हाला तिथेच कळलं, आणि सांगितलं कुणी, तर मागच्या गल्लीतल्या रेस्टॉरंटच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने. "इंडिया? गांजेस!" म्हणत तो आमच्याबरोबर कारंज्यापर्यंत चालत आला, चारही नद्या दाखवल्या, वल्हं दाखवलं. इतक्या आपुलकीने बोलणाऱ्या माणसावर संशय घ्यावा असं आमच्यापैकी एकीलाही वाटलं नाही, आणि का वाटावं? पण आता सांगते, दारात उभं राहून गिऱ्हाईक आत ओढणारा माणूस ज्या हॉटेलला ठेवावा लागतो, तिथे जाऊ नका. रोमची माणसं जिथे जेवतात तिथे दारात कुणी उभं नसतं.

मेन्यू आला. पास्ता १६ युरो. त्याखाली मासे: रोम्बो ९.५०, आस्तिचे १४.

हाच तो क्षण. त्यानंतर रात्ररात्र मी हे पान डोळ्यांसमोर आणलं आहे. नुसता पास्ता १६ युरोला आणि अख्खा ताजा मासा साडेनऊला? कुठल्या देशात असं असतं? माझी मैत्रीण म्हणालीसुद्धा, "अगं, मासा पास्त्यापेक्षा स्वस्त कसा?" मी म्हटलं, "समुद्र जवळ आहे, असेल." तिने वेटरला बोट ठेवून विचारलं, "नाइन फिफ्टी?" त्याने मान डोलावली. "येस, येस, नाइन फिफ्टी." तो खोटं बोलला नाही, असं नंतर पोलिसांनी आम्हाला ऐकवलं. आकड्याच्या पुढे, फिकट राखाडी अक्षरांत, तिरकी रेघ आणि 'एचजी' असं छापलेलं होतं. 'एचजी' म्हणजे १०० ग्रॅम. इटलीतल्या रेस्टॉरंटांत मासा बऱ्याचदा १०० ग्रॅमच्या भावाने विकतात, या १०० ग्रॅमला ते 'एत्तो' म्हणतात. म्हणजे ९५ युरो किलो! टेबलावर एक मेणबत्ती, आम्ही सगळ्या साठीच्या जवळच्या, आणि ती अक्षरं मुंगीएवढी. कुणाला दिसणार होती?

मग त्याने ट्रेमधून कच्चा मासा आणून दाखवला. रोम्बो म्हणजे मोठा चपटा मासा, पाठीवर खडबडीत गाठी. कल्ले लालभडक, डोळे पाणीदार, बोटाने दाबलं तर मांस लगेच वर आलं. दोन आस्तिचे, आपल्या शेवंडीला नसतात तशा जाडजूड नांग्यांचे. मी ताजेपणा पारखला आणि हो म्हटलं. त्याने वजन सांगितलं नाही. आपल्याकडची कोळीण आधी भाव सांगते, मग तुमच्या डोळ्यांदेखत तराजूत टाकते आणि मगच कापते. इथे ट्रे आत गेला तो गेलाच. मासा दाखवायला आणला की तिथल्या तिथे वजन विचारा, ते कागदावर लिहून घ्या, त्याला भावाने गुणा, आणि पटलं नाही तर सरळ उठा. ते वजन कच्च्या, न साफ केलेल्या माशाचं असतं. डोकं, काटे, कातडं वगळून तुमच्या पानात निम्मं तरी येतं की नाही शंकाच.

बिल असं होतं. रोम्बो २ किलो १५० ग्रॅम, २०४.२५. आस्तिचे १ किलो ४८० ग्रॅम, २०७.२०. सुरुवातीची थाळी, जी "घरातर्फे आणतो" अशा थाटात न मागता आली, चौघींची ७२. वाइनची बाटली ३८. पाण्याच्या तीन बाटल्या १८. ब्रेडचे १२. आणि 'सेर्वित्सिओ' म्हणजे सेवाशुल्क १५ टक्के, ८२.७२.

पाण्याचे १८ युरो मला माशाइतकेच लागले. रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, 'नासोनी' म्हणतात, अखंड वाहतात आणि पाणी पिण्याचं आहे. बाटली बरोबर ठेवा. ब्रेडचंही तसंच. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे, तिथे 'कोपेर्तो' म्हणजे टेबलावर बसण्याचे पैसे घ्यायला २००६ पासून कायद्याने बंदी आहे, म्हणून ते ब्रेडच्या नावाने लावतात. ब्रेड नको असेल तर आल्या आल्या परत पाठवा, नुसता बाजूला सारू नका.

वजनाचा पुरावा मागितला तर वेटर म्हणाला, मासा तुम्ही खाल्लात. सेवाशुल्क कुठे लिहिलंय विचारलं तर मेन्यूचं शेवटचं पान उघडून तळाशी फक्त इटालियनमध्ये असलेली एक ओळ दाखवली. आमचा आवाज चढला तसे आतून आणखी दोघे येऊन टेबलाजवळ उभे राहिले. हात लावला नाही, काही बोलले नाहीत, नुसते उभे. गल्लीत अंधार, आम्ही चार बायका. पैसे दिले. ज्याला वाटतं की आम्ही ठामपणे उठून यायला हवं होतं, त्याने त्या खुर्चीवर बसून दाखवावं.

कार्डाचं मशीन माझ्या हातात येईपर्यंत त्याने पडद्यावर युरोऐवजी रुपये निवडले होते. मी पिन घातला. दर लागला ९७.१०, त्या दिवशी कार्डाचा दर होता ९१.२०. युरोत घेतलं असतं तर बँकेचं ३.५ टक्के शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरूनही ६०,२२४.९४ झाले असते. म्हणजे लुटीवर आणखी २,०७९ रुपये ५९ पैशांची लूट. परदेशात मशीनवर वा एटीएमवर रुपये दिसले की नकार द्या. मशीन स्वतःच्या हातात घ्या. कायम तिथलं चलन निवडा.

त्याच रात्री जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. कारकुनाने फोनवरच्या भाषांतरातून विचारलं, मारलं का? धमकी दिली? काही चोरलं? नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग गुन्हा कुठला? भाव लिहिलेला होता, तुम्ही खाल्लं, तुम्ही पिन घातला. सकाळी या.

सकाळी गेलो. व्हॅटिकन संग्रहालयाची प्रत्येकी २५ युरोंची, म्हणजे १०० युरोंची तिकिटं त्या बाकावर बसून वाया गेली. सिस्टाइन चॅपेल बघायचं म्हणून आमची गणिताची मैत्रीण दोन वर्षं पैसे साठवत होती. ती तिथे डोळे पुसत बसली होती आणि समोरचे लोक एस्प्रेसो पीत होते. अखेर ज्याने ऐकून घेतलं त्याने आमच्या हातातला कागद उलटसुलट केला आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. ही कराची पावती नव्हतीच, नुसती हिशेबाची चिठ्ठी होती. खरी पावती आणा, म्हणाला. रेस्टॉरंट उघडणार संध्याकाळी सातला आणि आमचं विमान त्याच संध्याकाळी. मी विचारलं, पावती न देणं हाच गुन्हा नाही का? त्यावर तो म्हणाला, ते आमचं खातं नाही. मग ज्यांचं खातं आहे त्यांना इथूनच एक फोन करायला काय लागत होतं? करचुकवेगिरी पकडणाऱ्या दलाचा नंबर ११७ आहे, हे मला घरी आल्यावर कळलं. तुम्ही टेबलावर बसल्या बसल्याच मोठ्याने कराची पावती मागा आणि ११७ चं नाव घ्या.

युरोपीय संघाची ग्राहक मदत केंद्रं आहेत, पण ती संघात राहणाऱ्यांसाठी. आपण तिथे पैसे खर्च करायला पात्र, दाद मागायला नाही. प्रवास विम्यावाल्यांनी चोरीचा पोलीस अहवाल मागितला. बँकेत अर्ज केला, मेल केले, शाखेत खेपा घातल्या. दर वेळी नवा माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं, तर उत्तर मिळालं की ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, इथे पिन तुम्हीच घातलाय. मी म्हटलं, रुपये मी निवडले नव्हते. त्यावर एक फॉर्म दिला, तो भरला, आणि तो कुठे गेला हे आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

हे काही आमच्याच बाबतीत घडलंय असं नाही. जानेवारी २०१८ मध्ये व्हेनिसला चार जपानी विद्यार्थ्यांना चार स्टेक, तळलेले मासे आणि पाण्याचे १,१४३ युरो लावले होते. २०१९ मध्ये रोममध्येच दोन जपानी मुलींना माशांच्या स्पॅगेटीच्या दोन थाळ्या आणि पाण्याचे ४२९.८० युरो, त्यात ८० युरो टिप. तेव्हाही मालकाचं म्हणणं हेच की आमचा मेन्यू स्पष्ट आहे. इतकी वर्षं जगभर बोभाटा होऊनही ती राखाडी अक्षरं मोठी करायला कुणी लावत नाही, यातच काय ते आलं. मेन्यूच्या प्रत्येक पानाचा, शेवटच्या पानासकट, ऑर्डर देण्याआधी फोटो काढा. वेटरला आवडलं नाही तर न आवडो.

इटलीत फसवणुकीची फिर्याद तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. बँकेचं शेवटचं पत्र आलं तोवर ती मुदत संपून गेली होती. आता तिथे कुणाला विचारायची सोय नाही. ६२,३०४ रुपये ५३ पैसे चौघींनी वाटून घेतले, प्रत्येकी १५,५७६ रुपये १३ पैसे, वरचा एक पैसा माझा.