हरिश्चंद्रगडावरचा मुक्काम: जेवण झकास, तंबू चालेल, स्लीपिंग बॅग मात्र घरचीच

एका रात्रीसाठी हरिश्चंद्रगडावर जायचं तर तंबू, स्टोव्ह, शिधा असं सगळं वाहून नेण्याची गरज आता उरलेली नाही. गडावर पायथ्याच्या पाचनई गावातल्या लोकांच्या झोपड्या आहेत, तिथे जेवणही मिळतं आणि तंबूही भाड्याने मिळतात. त्यातलं काय घ्यावं आणि काय घरून न्यावं, हे निघण्याआधी ठरवलं की ४० ते ५० लिटरची सॅक पाण्यासकट आठ-नऊ किलोंत बसते.

जेवणाला पैकीच्या पैकी. पिठलं, भाकरी, ठेचा, भात आणि वर पातळ आमटी. सकाळी पोहे आणि चहा. सगळं चुलीवरचं, त्यामुळे भाकरी माणसं मोजून थापल्या जातात. दिवस मावळायच्या आत किती जण जेवणार ते सांगून ठेवा. रात्री नऊला पोचून ‘काहीतरी गरम द्या’ म्हणणाऱ्यांच्या वाट्याला मॅगी येते आणि त्यात झोपडीवाल्यांचा काही दोष नाही. शनिवार-रविवार सोडून गेलात तर एखादीच झोपडी चालू असते. त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून बोलून घ्या, वर रेंजचा भरवसा नाही. तरीही सॅकमध्ये एका वेळचं कोरडं खाणं असू द्या: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, खजूर.

तंबूंना दहापैकी सहा. बहुतेक ठिकाणी मिळतो तो एकपदरी कापडाचा, फायबरच्या दोन काठ्यांचा घुमटी तंबू. ‘चौघांचा’ म्हणून दिलेल्यात सॅकसकट दोघं नीट झोपतात, तिसरा अंग चोरून. ताब्यात घेताना तीन गोष्टी बघा: दोन्ही चेन पूर्ण लागतात का, काठ्यांच्या जोडाशी फायबर चिरलेलं आहे का आणि खाली ताडपत्री आहे का. चेन तुटलेली असेल तर तिथल्या तिथे बदलून मागा. मध्यरात्री वारा सुटल्यावर कोणी बदलून देत नाही. थंडी वाजते म्हणून तंबूची वरची, हवा खेळती ठेवणारी झडप बंद करू नका. श्वासातली वाफ गार कापडावर धरते आणि पहाटे तेच पाणी अंगावर ठिबकतं. मग ‘तंबू गळका होता’ अशी तक्रार होते.

कोकणकडा म्हणजे गडाचा कोकणाकडे सरळ तुटलेला कडा. त्याच्या काठाला तंबू हवा असा हट्ट बरेच जण धरतात. तो सोडावा. कोकणातून वर येणारा वारा कड्यावर उसळतो, जमीन कातळाची असल्याने खुंट्या जेमतेम चार बोटं रुततात आणि सगळा भार दोरीला बांधलेल्या दगडांवर राहतो. शिवाय रात्री लघवीला उठलेला माणूस झोपेत कुठे पाय टाकेल सांगता येत नाही. गडावरच्या हरिश्चंद्रेश्वर मंदिराच्या बाजूला मुक्काम करा, सूर्यास्ताला कड्यावर जा आणि टॉर्चच्या उजेडात परत या. अंतर अर्ध्या तासाचंच आहे. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, शेकोटी पेटवू नये. तंबू कुठे लावू देतात हे वन विभागाच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरतानाच विचारून घ्या.

भाड्याच्या स्लीपिंग बॅगला नापास करायला हरकत नाही. दर शनिवारी नवा माणूस आत झोपतो आणि ती धुतली कधी जाते हे न विचारलेलंच बरं. वापरून आतलं भरण बसलेलं असतं, म्हणजे ऊब धरून ठेवणारी हवाच आत उरत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी उतरतो. घरून बॅग नेताना लेबलवरचा ‘कम्फर्ट’चा आकडा पाहा, ‘एक्स्ट्रीम’चा नाही, तो जेमतेम जीव वाचण्याचा असतो, झोपेचा नव्हे. अंगाखाली १० मिलिमीटरची फोमची मॅट हवीच. कातळ खालून अंगातली ऊब ओढत राहतो आणि अंगाखाली दबलेली बॅग ती अडवू शकत नाही.

पाणी चढताना माणशी तीन लिटर. वर कातळात खोदलेल्या टाक्यांचं पाणी आहे, पण एप्रिल-मेमध्ये ते आटतं आणि गढूळ होतं. आधी फडक्याने गाळा, मग क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. गाळ असेल तर गोळीचा जोर त्यातच खर्च होतो. शौचालयाची सोय कामचलाऊ आहे.

पावसाळ्यात वर तंबूत राहण्यापेक्षा पाचनईतल्या घरात मुक्काम करून सकाळी हलक्या सॅकने चढावं. एकदा भिजलेलं सामान त्या हवेत वाळत नाही.

वाट पाचनईचीच घ्या: अडीच-तीन तास, मळलेली, अवघड जागी रेलिंग. दुसऱ्या बाजूच्या पायथ्याच्या खिरेश्वर गावाहून तोलार खिंडीमार्गे चार-पाच तास लागतात. खिंडीनंतरचा कातळटप्पा रेलिंगमुळे सोपा झाला आहे, पण पुढच्या टेकड्या आणि रान एकसारखं दिसतं, अंधारात तिथे हमखास चुकायला होतं. एका बाजूने चढून दुसरीकडे उतरायचं असेल तर स्वतःची गाडी आणू नका, ती पाचनईतच अडकते. खिरेश्वरकडे उतरताना मंदिरापासून सकाळी दहाच्या आत निघा. गावापासून हमरस्त्यावरच्या खुबी फाट्यापर्यंत पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने आणखी पाचेक किलोमीटर चालणं आहे आणि रविवारी संध्याकाळी कल्याणकडे जाणारी एसटी फाट्यावर येते तीच भरून.