गूगल आर्ट्स अँड कल्चर : बरेच महिने वर्गात वापरल्यावर

वर्गात प्रोजेक्टर लावला आणि नेमका शाळेचा ब्रॉडबँड गेला. तक्रार नोंदवली. ‘उद्या माणूस येतो’ हे रोज ऐकलं. शेवटी स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून मुलांना चित्रं दाखवली आणि दिवसाचा दीड जीबी मधल्या सुट्टीआधीच संपला. जगभरच्या संग्रहालयांतली चित्रं दाखवणारं गूगलचं हे अ‍ॅप पदरचा डेटा घालून वापरावं असं आहे का? माझं उत्तर हो आहे, आणि कारण एकच, झूम, म्हणजे चित्र ताणून मोठं करण्याची सोय.

सेल्फीशी जुळणारं चित्र, कोडी वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात मी जात नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातलं चित्रकार ब्रॉयगेलचं १५६५ सालचं ‘द हार्वेस्टर्स’ उघडा. पिवळं शेत, झाडाखाली जेवायला बसलेले मजूर, पाय फाकून गाढ झोपलेला एक जण, एवढं पुस्तकातही दिसतं. आता बोटांनी चित्र ताणत शेताच्या पलीकडे जा. गावच्या हिरवळीवर माणसं बांधलेल्या पक्ष्यावर काठ्या फेकण्याचा खेळ खेळतायत! मूळ चित्र सव्वा मीटरही उंच नाही, त्यात ही माणसं किती बारीक असतील बघा. आमची निम्मी मुलं सुगीला शेतावर असतात. ‘सर, हे उभ्यानंच कापतायत, आपल्यासारखं उकिडवं बसून नाही,’ हे त्यांनी लगेच टिपलं. लांब दांड्याचं ते पातं पुस्तकातल्या बोटभर छपाईत मला कधी दाखवताच आलं नव्हतं.

हे कुणाला सुचलं ते शोधलं, तेव्हा फार आनंद झाला. गूगलमधले अमित सूद हे मुंबईत वाढलेले. शिक्षण उत्तम मिळालं, पण अशी संग्रहालयं आणि चित्रं आवाक्यात नव्हती, प्रवास सुरू झाल्यावर ती पाहायला मिळाली, असं त्यांनी २०११ च्या टेड भाषणात सांगितलंय. तिथेही त्यांनी हेच चित्र ताणून दाखवलं. गूगलमध्ये कर्मचाऱ्यांना पाचवा हिस्सा वेळ स्वतःच्या कल्पनेसाठी देण्याची पद्धत होती. त्या वेळात काही जणांनी मिळून हे उभं केलं. १ फेब्रुवारी २०११ ला १७ संग्रहालयं आली आणि प्रत्येकाचं एकेक चित्र सुमारे ७०० कोटी पिक्सेलमध्ये टिपलं गेलं. २०१२ च्या एप्रिलमध्ये आकडा १५१ वर गेला, त्यात दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय आणि आधुनिक कला दालनही होतं. ज्याला लहानपणी चित्रं बघायला मिळाली नाहीत त्यानं हे घडवलंय, म्हणून तालुक्याच्या शाळेत बसून मला ते इतकं आपलं वाटतं.

मी अ‍ॅपला आधी पाचपैकी चार तारे दिले होते. एक कापला तो मापासाठी. रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ साडेचार मीटर रुंद, पण पडद्यावर ते आणि वीतभर लघुचित्र सारखंच दिसतं. मुलांच्या मनात प्रमाण चुकीचं बसतं, आणि कलाशिक्षकाला हे चालत नाही. नंतर अ‍ॅपमध्येच ‘आर्ट प्रोजेक्टर’ सापडलं. फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की चित्र खऱ्या मापात समोर उभं राहतं. ते सगळ्या फोनवर चालत नाही, पण मुलं हात पसरून रुंदी मोजू लागली, आणि मी तो तारा परत दिला.

अ‍ॅपमध्ये संग्रहालयाच्या दालनातून फिरताना काही चौकटी धूसर केलेल्या दिसतात. त्या चित्रांचे हक्क (कॉपीराइट) अजून वारसांकडे आहेत, म्हणून तसं करावं लागतं. हे हक्क आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात, युरोपात बहुतेक ठिकाणी ७०. पिकासो १९७३ मध्ये गेला, म्हणजे अजून बराच काळ थांबायचं. कायदा समजतो, तरी मुलांना ती पुसलेली भिंत दाखवताना जीव तुटतो.

खर्च शून्य. जाडजूड कलापुस्तकांच्या किमती मी दुकानात उलटून पाहतो आणि परत ठेवतो, त्यामुळे हे महत्त्वाचं. जड चित्रं वायफायवर उघडा.

आता एकच मागणं. सातारा जिल्ह्यात औंधला टेकडीवर, तिथल्या संस्थानाचे राजे पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय आहे. तिथे राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. ७०० कोटी पिक्सेलवाला कॅमेरा त्या टेकडीवर न्या. रविवर्म्यानं जरीचा काठ नेमका किती फटकाऱ्यांत उभा केला, ते मला मुलांबरोबर मोजायचंय.